आणखी १३ किलोमीटर: तंजावरच्या सहली काढणाऱ्यांना खुलं पत्र

तंजावरला मराठी माणसं घेऊन जाणारे सहल-आयोजक आणि त्यांच्याबरोबरचे मार्गदर्शक यांस,

सप्रेम नमस्कार.

आधी आभार मानते. तुम्ही बस भरून नेलं नसतं तर माझ्यासारखी बाई एकटी तंजावरपर्यंत पोचली नसती. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरून घेतलेला भोसले घराण्याचा इतिहास मी तुमच्यामुळे पाहिला. तमिळ मुलखाच्या ऐन मध्यावर, हजार वर्षांच्या जुन्या दगडावर आपली भाषा वाचता येते म्हटल्यावर आमच्या बसमधल्या बडबड्या माणसांचाही आवाज खाली आला होता. सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागद आणि मराठी पोथ्या पाहिल्या. मान डोलावणाऱ्या बाहुल्या सगळ्यांनी घेतल्या, मीही घेतली.

पत्र लिहिते आहे ते त्यानंतरच्या पंधरा मिनिटांबद्दल.

तंजावरहून १३ किलोमीटरवर तिरुवैयारु आहे. पाच नद्यांचं गाव, नावाचा अर्थच तो. वाटेत एकामागून एक पूल लागतात आणि शेवटी कावेरी येते. आमची बस तिथं थांबली तेव्हा जेवणाला उशीर झालेला होता. मार्गदर्शकांनी सांगितलं, "ही संत त्यागराजांची समाधी. मोठे रामभक्त आणि संगीतकार होते. पंधरा मिनिटांत या." आम्ही चपला काढल्या, नमस्कार केला. बाहेर पडताना मला समोर एका स्त्रीची बसलेली मूर्ती दिसली. हात जोडलेले, तोंड त्यागराजांकडे. मी विचारलं, या कोण? उत्तर मिळालं, "असेल कोणी भक्तीण."

त्या गृहस्थांचं नाव मी घेणार नाही. त्यांना ठाऊक नव्हतं, आणि मलाही ठाऊक नव्हतं. पण घरी आल्यावर त्या जोडलेल्या हातांनी मला स्वस्थ बसू दिलं नाही. मी शोधलं, वाचलं, कर्नाटक संगीत शिकणाऱ्या मैत्रिणीला विचारलं, आणि दोन वर्षांनी पुन्हा गेले, त्या वेळी कुणाच्याही बसशिवाय. ज्या समाधीपुढे आपण पंधरा मिनिटं उभे राहिलो, ती त्या बाईंनी बांधलेली आहे. त्यांचं नाव बंगळूर नागरत्नम्मा.

हा इतिहास तुमच्या सहलीत यावा, एवढंच माझं मागणं आहे. आणि तो परक्या प्रांतातली एक गोड गोष्ट म्हणून नको, तंजावरच्या मराठी इतिहासाचा भाग म्हणून सांगा, कारण तो तसा आहे.

त्यागराजांपासून सुरुवात करते. ते १७६७ मध्ये तिरुवारूरला जन्मले आणि १८४७ मध्ये तिरुवैयारुला गेले. हे दोन आकडे तंजावरच्या वंशावळीशेजारी ठेवून पाहा. जन्म तुळजाजीराजांच्या कारकिर्दीत, उमेद आणि म्हातारपण दुसऱ्या सरफोजींच्या, आणि शेवट दुसऱ्या शिवाजींच्या. मधली दोनतीन वर्षं तंजावर अर्काटच्या नबाबाकडे गेलं होतं आणि १७९९ नंतर कारभार कंपनीच्या हाती गेला, हे खरं. तरी गादी भोसल्यांची होती. ज्यांच्या रचनांवर आजचं कर्नाटक संगीत उभं आहे ते त्यागराज, मुथुस्वामी दीक्षितर आणि श्यामा शास्त्री हे तिघेही मराठी गादीखालच्या तंजावर मुलखात जन्मले. आपल्या शाळेच्या पुस्तकात तंजावर एका परिच्छेदात संपतं, म्हणून हे मला पन्नाशीनंतर कळलं.

त्यागराजांचे वडील रामब्रह्मम दरबारात रामायणावर प्रवचन करीत, असं परंपरा सांगते. मुलगा मात्र दरबाराच्या पायरीवर चढला नाही. सरफोजीराजांनी बोलावणं धाडलं, सोबत मानधन, जमीन, भेटवस्तू. त्यागराजांनी ते परत केलं आणि त्या प्रसंगी 'निधि चाल सुखमा' ही कल्याणी रागातली कृती, म्हणजे गीतरचना, झाली, अशी आख्यायिका आहे. धनात सुख अधिक की रामाच्या सान्निध्यात, असा तिचा सवाल. सहलीत मराठी माणसांना ही गोष्ट सांगायला कुणी कचरत असेल, आपल्या राजाला नकार मिळाला म्हणून, तर कचरू नये. सरफोजी संगीताचे मोठे आश्रयदाते होते. ज्या राजाला नकार देऊनही माणूस त्याच्याच मुलखात आयुष्यभर निर्धास्त गात राहिला, त्या राजाचाही त्यात मोठेपणा आहे, असं मी मानते.

त्यागराजांनी शेवटच्या दिवसांत संन्यास घेतला. संन्याशाला अग्नी देत नाहीत, म्हणून ६ जानेवारी १८४७ नंतर कावेरीकाठी त्यांची समाधी झाली आणि तिच्यावर लहानसं वृंदावन बांधलं गेलं. मग शिष्य पांगले. दरवर्षीची पुण्यतिथी ज्याच्या त्याच्या घरी होऊ लागली आणि समाधीकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही. पन्नासएक वर्षांत तिथं काट्याकुट्यांचं रान माजलं. एका रचनाकाराच्या कृती सबंध दक्षिणेत घरोघर गायल्या जात होत्या आणि त्याची जागा कुठं आहे हे गावातल्या थोड्यांनाच सांगता येत होतं. ही उपेक्षा होती असंही मी पटकन म्हणणार नाही. त्या लोकांना त्यागराज गाण्यात भेटत होते, दगड त्यांना लागत नव्हता. पण जागा गेली की माणसं एकत्र यायचं ठिकाणही जातं.

१९०३ मध्ये उमयाळपुरमचे दोन वृद्ध भाऊ, कृष्ण भागवतर आणि सुंदर भागवतर, तिथं आले. त्यागराजांच्या शिष्यांपैकी ते. त्यांनी समाधी शोधून साफ केली, डागडुजी केली. पुढच्या काही वर्षांत तिल्लैस्थानमचे नरसिंह भागवतर आणि पंजू भागवतर या भावांनी तिथं आराधना मोठ्या प्रमाणावर सुरू केली. आराधना म्हणजे आपली पुण्यतिथीच: पूजा, भजन, अन्नदान आणि गाणं.

आणि मग भांडण झालं. एका उत्सवाचे दोन झाले. देवासला आपल्याकडे थोरली पाती आणि धाकटी पाती होती, तसेच इथं पेरिय कच्चि आणि चिन्न कच्चि, थोरला पक्ष आणि धाकटा पक्ष. एकाचा उत्सव पाच दिवस चालून तिथीच्या दिवशी संपायचा, दुसऱ्याचा तिथीच्या दिवशी सुरू होऊन पुढे चालायचा. मोठमोठे गवई या बाजूला किंवा त्या बाजूला. दोन्ही पक्षांत एका गोष्टीवर मात्र मतभेद नव्हता: समाधीपुढे बाईनं गायचं नाही.

एवढ्या सगळ्या गाण्याबजावण्यात समाधीची वास्तू होती तशीच राहिली. तिच्याभोवती भिंत नाही, वर छप्पर नाही, आणि पायाखालची जमीन कुणाची तेही स्पष्ट नाही.

आता नागरत्नम्मा. १८७८ मध्ये म्हैसूर संस्थानात नंजनगूडजवळ जन्म. आई देवदासी. मुलगी लहान असतानाच आई गेली. संस्कृत, कन्नड, तेलुगू शिकल्या, गाणं आणि नृत्य शिकल्या, आधी बंगळूरला आणि मग मद्रासला नाव काढलं. मैफलींवर इतकं मिळवलं की मद्रासमध्ये आयकर भरणाऱ्या पहिल्या स्त्री-कलावंत म्हणून त्यांचं नाव सांगतात.

मराठी श्रोत्यांना इथं थांबवून एक गोष्ट सांगा, कारण ती थेट तंजावरच्या राजवाड्यातली आहे. अठराव्या शतकात प्रतापसिंहराजांच्या दरबारात मुद्दुपळणी नावाची एक गणिका-कवयित्री होती. तिनं तेलुगूत 'राधिका सांत्वनमु' हे शृंगारकाव्य लिहिलं. राधेच्या मनातलं, राधेच्या बाजूनं. नंतरच्या काळात ते छापलं गेलं तेव्हा काही पद्यं गाळली गेली, आणि जिथं कवयित्री आपल्या आईचं, आजीचं नाव सांगते तो भागही गाळला गेला. नागरत्नम्मांनी मूळ पोथी मिळवून १९१० मध्ये ते काव्य संपूर्ण छापलं. तेलुगूतले नामवंत समाजसुधारक वीरेशलिंगम पंतुलु यांनी मुद्दुपळणीवर बाईच्या जातीला न शोभणारं लिहिल्याचा ठपका ठेवला होता. नागरत्नम्मांनी विचारलं की असंच शृंगारिक पुरुष कवींनी लिहिलं तर ते चालतं, मग हिचंच का नाही. पुस्तक अश्लील ठरवून सरकारनं प्रती जप्त केल्या. बंदी उठली ती स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, टंगुटुरी प्रकाशम मद्रास प्रांताचं सरकार चालवत असताना.

म्हणजे आपल्या भोसल्यांच्या दरबारातली एक विस्मरणात गेलेली कवयित्री या बाईंनी परत आणली. प्रतापसिंहाचं चित्र तुम्ही दाखवता, तेव्हा हे एका वाक्यात तरी सांगाल का?

समाधीची हाक त्यांना आली १९२१ मध्ये, त्यांचे गुरू बिडारम कृष्णप्पा यांच्या पत्रातून. कृष्णप्पा तिरुवैयारुला जाऊन आले होते. समाधीची काय दैना झाली आहे ते त्यांनी शिष्येला कळवलं. नागरत्नम्मा तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या, प्रसिद्धीच्या ऐन भरात. त्या तिरुवैयारुला आल्या, जागा पाहिली, आणि जमिनीची कटकट निस्तरायला लागल्या. कुठल्याही स्मारकाच्या इतिहासात हा भाग सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात अवघड असतो. गाणं म्हणायला शेकडो येतात, सातबारा शोधायला कुणी येत नाही. एकट्या बाईनं, त्यातही ज्या बाईला गावातले सभ्य लोक घरात घेणार नाहीत अशा बाईनं, परक्या गावच्या कचेरीत खेटे घालून ती जमीन मिळवली, हे मला त्यांच्या गाण्याइतकंच थोर वाटतं.

२७ ऑक्टोबर १९२१ रोजी काम सुरू झालं. पैसा त्यांचा स्वतःचा. बांधकामासाठी त्यांनी दागिने विकले. देवदासी घराण्यात दागिना ही बाईची म्हातारपणाची एकमेव तजवीज असे. ना नवरा, ना वारसाहक्काची शेती. अंगावरचं सोनं हाच आधार. तो त्यांनी विटा-दगडांत घातला. वृंदावनाभोवती देऊळ उभं राहिलं, त्यागराजांची मूर्ती बसली, आणि ७ जानेवारी १९२६ रोजी प्रतिष्ठा झाली.

आणि त्या देवळापुढे गायची परवानगी त्यांना नव्हती.

हे वाक्य मी तिथं उभी राहून मनात म्हणून पाहिलं. चौथरा तिनं बांधला, छप्पर तिनं घातलं, दिवाबत्तीचा खर्च तिचा, आणि पक्ष थोरला असो की धाकटा, दोघांनी सांगितलं की बायकांनी इथं गायचं नाही. नागरत्नम्मा रुसून मद्रासला निघून गेल्या नाहीत. देऊळ बांधणारी मी, म्हणून दाराला कुलूप लावते, असंही केलं नाही. १९२७ पासून त्यांनी बायकांचा तिसरा पक्ष उभा केला, पेण्गळ कच्चि. त्यात बहुतेक देवदासी कलावंत. समोरची जागा पुरुषांची, तर यांनी देवळाच्या मागच्या अंगाला बैठक घातली आणि तिथं आपली आराधना सुरू केली. पुढे दोन पक्ष एकमेकांशी भांडत होते, मागे या बायका गात होत्या. दहा-बारा वर्षं हे चाललं.

तुम्ही माणसांना तिथं नेलंत तर एवढं करा: त्यांना देवळाला वळसा घालून मागच्या बाजूला न्या. समोरून नमस्कार सगळेच करतात. मी मागे जाऊन भिंतीला टेकून बसले, पुढून कुणीतरी म्हणत असलेलं भजन ऐकत. आवाज पोचतो, पण मूर्ती दिसत नाही. त्या बायका अशा बसून गायल्या.

१९४० च्या सुमारास जाणत्या लोकांनी मध्यस्थी केली आणि तिन्ही पक्ष एक झाले. बायका समाधीपुढे गाऊ लागल्या. आज आराधनेच्या सकाळी शेकडो गायक-वादक दोन रांगांत समोरासमोर बसून नाट, गौळ, आरभी, वराळी आणि श्री या रागांतल्या त्यागराजांच्या पाच पंचरत्न कृती एका सुरात म्हणतात. दूरदर्शनवर तुम्ही ते पाहिलंही असेल. ही एकत्र गाण्याची प्रथा त्या समेटाच्या काळातली आहे, अनादी काळापासूनची नाही. त्या रांगेत बसलेली प्रत्येक बाई पाहताना मला मागची भिंत आठवते.

नागरत्नम्मांचं चरित्र सोपं करून सांगू नका, अशीही विनंती आहे. देवदासी प्रथा बंद करणाऱ्या कायद्याला त्यांचा विरोध होता. मद्रासच्या देवदासींच्या संघटनेतर्फे त्या या कायद्याविरोधात उभ्या राहिल्या. त्या प्रथेत मुलींचे काय हाल होत हे माहीत असणाऱ्या आपल्याला हे बोचतं, मलाही बोचलं. मी त्यांच्या बाजूची नाही. पण त्यांची बाजू मला कळते: त्या घराण्यांत बाईला वाचता येत होतं, गाता येत होतं, स्वतःच्या नावावर घर करता येत होतं, आणि त्या काळच्या कुळवंत घरांत यातलं बरंचसं बाईला नव्हतं. कायद्यानं प्रथा जाईल, पण या बायकांची कला आणि मिळकत कुठं जाईल, हे त्यांनी विचारलं. हे सगळं बसमध्ये सांगायला दहा मिनिटं पुरतात, आणि माणसं ऐकतात. सहलीला येणाऱ्या बायकांना फक्त साड्यांच्या दुकानात रस असतो हा समज कृपा करून सोडा.

शेवटची वर्षं त्या तिरुवैयारुलाच राहिल्या. आपली मिळकत समाधीच्या व्यवस्थेसाठी ठेवली. १९ मे १९५२ रोजी गेल्या, आणि त्यागराजांच्या जवळच त्यांची समाधी झाली. तिथली हात जोडलेली मूर्ती म्हणजेच मला दिसलेली "कोणी भक्तीण".

आपल्याशी या गावाचा आणखी एक धागा आहे, तोही सांगण्यासारखा. तमिळ देशातली हरिकथा ज्या रूपात आज उभी राहते, ते तंजावरात आलेल्या मराठी कीर्तनकारांच्या प्रभावातून घडलेलं आहे. तिथले भागवतर तमिळ आख्यानात साकी, दिंडी, ओवी, अभंग म्हणतात, नावंही हीच. आराधनेच्या आरंभीच्या वर्षांत पुढाकार घेणारे बरेच जण हरिकथा करणारे भागवतर होते, आणि नागरत्नम्मा स्वतःही हरिकथा करीत. आपलं कीर्तन तिथं कामी आलं होतं. सहलीत कुणी वारकरी आजोबा असतील तर त्यांना हे अवश्य सांगा. माझ्या शेजारच्या आजींना मी सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच विचारलं, "मग तिकडे दिंडीची चाल कोणती?" मला उत्तर देता आलं नाही. तुमच्या मार्गदर्शकानं तिथल्या एखाद्या भागवतरांना विचारून ठेवलं तर किती छान होईल.

आता तुमच्या अडचणी. दिवस कमी असतात, कुंभकोणम, चिदंबरम, रामेश्वरम उरकायचं असतं, आणि गिऱ्हाईक "अजून किती देवळं" म्हणून वैतागतं. मला कल्पना आहे. मी एक पूर्ण दिवस मागत नाही. तंजावरच्या संध्याकाळी, देऊळ आणि राजवाडा झाल्यावर, दीड-दोन तास द्या. जाताना बसमध्ये वरची गोष्ट सांगा. ध्वनिक्षेपकावर सिनेमाची गाणी लागतात, त्याऐवजी 'निधि चाल सुखमा' लावा. तिथं पोचल्यावर अर्धा तास कुणी काहीच बोलू नका, माणसांना कावेरीकाठी बसू द्या.

आणि पौष महिन्यात सहल काढणार असाल तर तारीख ठरवण्याआधी आपलंच पंचांग उघडा. तिथली तिथी पुष्य बहुल पंचमी, म्हणजे आपली पौष वद्य पंचमी. हिशोब तोच, नाव तेवढं वेगळं. त्या दिवशी गर्दी फार असते, राहायची सोय तंजावरात आधीच करावी लागते, पण सकाळी सगळे पंचरत्न म्हणू लागतात तेव्हा तुमच्या बसमधल्या एकाही माणसाला जेवणाची आठवण होणार नाही, हे मी लिहून देते.

मी पुढच्या पौषात जाणार आहे. बरोबर सात बायका येणार आहेत, त्यांतल्या दोघी पहिल्या सहलीत माझ्याबरोबर होत्या आणि त्यांनाही तेव्हा ती मूर्ती कुणाची ते कळलं नव्हतं. तुमच्यापैकी कुणी आपला मार्गदर्शक आमच्याबरोबर धाडणार असेल तर त्याचा खर्च आम्ही आठ जणी वाटून घेऊ. त्यानं फक्त वही आणावी.

आपली,
तंजावरला दोनदा जाऊन आलेली एक प्रवासी